गोठलेल्या तळ्यावर जाताना पायांत काय घालाल?

मैत्रिणींनो, शीर्षक वाचून तुम्ही म्हणाल, "आमच्याकडे मे महिन्यात विहिरी आटतात, नि ही बाई गोठलेल्या तळ्याच्या गोष्टी सांगतेय!" म्हणणं रास्त आहे. पण मला सांगा, तुमच्या आळीत अशी किती घरं आहेत की ज्यांतलं एकही माणूस अमेरिकेत नाही, कॅनडात नाही? आणि लेकीचं बाळंतपण काही उन्हाळा बघून येत नाही. आमच्या लेकीचं आलं ते ऐन डिसेंबरात, तेही मिनेसोटात. अमेरिकेच्या अगदी उत्तरेला, कॅनडाला लागून असलेलं हे राज्य. तिथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसवर उतरला तरी कुणी त्याची बातमी करत नाही.

आम्ही रत्नागिरीचे. आमच्या 'ह्यां'ना गळ टाकायचा भारी नाद. रिटायर झाल्यापासून संध्याकाळ झाली की मांडवीच्या जेटीवर जाऊन बसणार. तेव्हा जावईबापू जेव्हा म्हणाले, "बाबा, इथे तळं गोठलं की त्यावर बसून, बर्फाला भोक पाडून मासे धरतात," तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती नातवाचं तोंड पाहतानाही आली नव्हती, असं मी म्हटलं तर त्यांना राग येईल. पण खोटं नाही.

मी डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, बाळाची दुपटी असं सगळं मापून, वजन करून नेलं. फक्त एक गोष्ट डोळे झाकून घेतली. ती म्हणजे बूट. आणि नेमकं तिथेच आम्ही फसलो.

काय झालं ते आधी सांगते

निघण्याच्या आठवड्यात गावातल्या दुकानातून ह्यांच्यासाठी जाड, आतून लव असलेले बूट घेतले. पायाला अगदी चपखल बसले. दुकानदारही म्हणाला, "काका, जणू तुमच्यासाठीच बनवलेत!" तिकडे गेल्यावर थंडी बघून मी त्यांत दोन जोड जाड सुती मोजे घालायला लावले. पाय कोंबून कोंबून आत गेले. मी मनात म्हटलं, झालं, आता वारा शिरायला जागा नाही.

जावयांबरोबर हे मिल लॅक्स नावाच्या तळ्यावर गेले. मिनिआपोलिसपासून शंभरेक मैल उत्तरेला हे तळं आहे. तळं कसलं, आपल्याला समुद्रच वाटावा. त्यावर माणसं मोटारी घेऊन जातात, लाकडी खोपटी ओढत नेतात, गिरमिटाने बर्फाला भोक पाडतात आणि गळ सोडून तासन्‌तास बसतात. हेही तीन तास बसले. जावयांनी दोनदा विचारलं, "बाबा, पाय गार पडले का?" ह्यांनी सांगितलं, "छे! मला तर काहीच जाणवत नाही."

काहीच जाणवत नव्हतं, हेच तर वाईट होतं. ह्यांना बारा वर्षांचा मधुमेह. तळव्यांची जाणीव आधीच कमी झालेली. घरी येऊन मोजे काढले, तर उजव्या पायाचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट मेणबत्तीसारखं पांढरंफटक!

मी धावले ती खोबरेल तेलाची वाटी घेऊन. चोळून ऊब आणावी, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता. लेक बिछान्यावरून ओरडली, "आई, चोळू नकोस! हात लावू नकोस!" आणि तिचं बरोबर होतं. हिमदंशात कातडीतलं पाणी गोठू लागतं. चोळलं की आतल्या आत जखम होते. शेकोटी, हीटर, गरम पाण्याची पिशवी हेही वाईटच, कारण बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. पाय कोमट पाण्यात ठेवायचा. पाणी ३७ ते ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे बाळाच्या अंघोळीइतकं. आणि ते तपासायचं दुसऱ्याने, बाळाचं पाणी आपण कोपर बुडवून बघतो तसं. तोवर जावयांनी गाडी काढलीच होती. दवाखान्यात दाखवलं. फोड आले, कित्येक आठवडे मलमपट्टी चालली, अंगठ्याचं नख गेलं. बोटं वाचली, हे देवाचे उपकार. डॉक्टरीणबाईंनी बूट हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "बूट वाईट नाही. लहान आहे."

बूट ऊब देत नाही, ऊब राखतो

मग मी या बुटांच्या मागेच लागले. तिथल्या दुकानांतून हिंडले, तळ्यावर जाणाऱ्या शेजारणींना विचारलं. जे कळलं ते आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत सांगते.

आपण चपात्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवतो. फडकं काय गरम असतं? नाही. चपातीची ऊब ते धरून ठेवतं, एवढंच. बुटाचंही तसंच. ऊब तुमच्या पायाची, म्हणजे पायात येणाऱ्या रक्ताची. बुटाने ती फक्त राखायची. बूट घट्ट झाला की रक्त येणंच कमी होतं. मग राखणार काय?

दुसरं, गादी आठवा. पिंजाऱ्याकडून नुकती पिंजून आणलेली गादी कशी उबदार लागते! तीच चार वर्षांनी दबली की फरशी जाणवते. कापूस तोच आणि तेवढाच; गेली ती त्यातली हवा. ऊब त्या अडकलेल्या हवेत असते. घट्ट बुटात दोन-दोन मोजे कोंबले की मोजेही दबतात, अस्तरही दबतं, आणि त्यांतली हवा निघून जाते. म्हणजे मी ह्यांना मोजे वाढवून घातले ते ऊब वाढवायला, आणि कमी केली ती ऊबच!

तिसरं, त्याच चपातीच्या डब्यात वाफ धरली की चपाती ओलसर होते. आपल्या दोन तळपायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. बर्फातही पाय घामेजतो. सुती मोजा तो घाम पितो आणि ओलाच राहतो. ओला मोजा म्हणजे पायाला गुंडाळलेली गार पट्टी.

हे काही फक्त बायाबापड्यांचं शहाणपण नाही. कोरियाच्या युद्धात, १९५० च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, चोसिन जलाशयाजवळ अमेरिकन सैनिक कडाक्याच्या थंडीत अडकले. पायांत रबरी तळाचे बूट. चालताना पाय घामाने भिजत, आणि थांबलं की तोच घाम गोठे. हजारो जवानांना हिमदंश झाला. त्यानंतर सैन्यासाठी नवे बूट आले. त्यांत लोकरीचा थर रबराच्या दोन पडद्यांत असा बंद केलेला असतो की त्याला बाहेरचं पाणी लागत नाही नि आतला घामही लागत नाही. हे फुगीर पांढरे बूट 'बनी बूट' या नावाने ओळखले जातात आणि बर्फावर मासे धरणाऱ्या कित्येकांच्या पायांत आजही दिसतात.

कसला बूट घ्यावा?

रशियात यासाठी 'वालेन्की' असतात. लोकर कुटून, दाबून केलेल्या नमद्याचे अखंड बूट, शिवण नाही. कोरड्या बर्फावर यांच्यासारखी ऊब नाही, पण ओल्यात निकामी. म्हणून वरून रबरी जोडा चढवतात. मिनेसोटा-कॅनडात तीच युक्ती एका बुटात केलेली दिसते: तळाला रबर, वर कातडं किंवा नायलॉन, आणि आत नमद्याचा सुटा, काढता येणारा मोजडीसारखा बूट. कॅनडातल्या किचनर गावच्या कारखान्याने १९६२ मध्ये 'सोरेल' नावाने असे बूट काढले आणि ते घरोघर गेले. मालकी पुढे बदलली, पण तऱ्हा तीच राहिली.

आपल्यासारख्यांनी हाच प्रकार बघावा, असं माझं मत. कारण आतलं अस्तर सुटं निघतं. रात्री काढून वाळवता येतं. शिवलेल्या अस्तराच्या बुटाला ती सोय नाही. आत ओल राहिली की दुसऱ्या दिवशी पाय आधीच गार. अस्तराचा एक जादा जोड मिळाला तर घेऊन ठेवावा. एक पायात, एक वाळत, बाळाच्या लंगोटासारखं.

दुकानात बुटाच्या पेटीवर '४०० ग्रॅम', '८०० ग्रॅम' असे आकडे दिसतील. ते बुटाचं वजन नव्हे! आतल्या कृत्रिम अस्तराचा एक चौरस मीटर तुकडा किती वजनाचा, ते सांगणारा हा आकडा. २०० ग्रॅमचा बूट चालण्या-फिरण्याला पुरतो. तळ्यावर मात्र माणूस बसून असतो, तेव्हा ८०० ते १००० च्या खाली जाऊ नये. 'उणे ४० पर्यंत' असंही लिहिलेलं असतं. (गंमत म्हणजे उणे ४० ला सेल्सिअस आणि फॅरनहाइट एकच होतात!) पण त्या आकड्यावर विसंबू नका. चालत्या माणसाचा पाय आणि बसल्या माणसाचा पाय यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तळ जाड हवा. बर्फाची थंडी वाऱ्यापेक्षा खालून जास्त येते, कारण आपल्या वजनाने तळाचं अस्तर दबलेलंच असतं. आत नमद्याचा जाड पत्ता घाला आणि तळ्यावर पायांखाली फळी किंवा रबरी चटई टाका. ह्यांचे पाय तीन तास थेट बर्फावर होते. जेटीवर बसताना पाटावर पाय ठेवणारा माणूस हा!

माप घेताना

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. अमेरिकेत पुरुषांचा नंबर साधारण एकाने आणि बायकांचा साधारण दोनाने मोठा लिहितात. आपला पाच म्हणजे तिथला सात. लेकीला फोनवर 'पाच नंबर घे' सांगाल तर पोरीचे बूट येतील!

शक्य तर बूट इथून नेऊच नका. सामानात वजन खातात आणि इथे पर्यायही कमी. तिथे पोचल्यावर, पायांत घालून घ्या. संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे तळ्यावर घालणार तेच घालून जा. नाडी न बांधता पाय पुढे सरकवा. टाचेमागे एक बोट सहज गेलं पाहिजे. नाडी बांधल्यावर पाचही बोटं आत हलली पाहिजेत. हललीच पाहिजेत. जन्मभर चपला घालून आपले पंजे पसरलेले असतात, म्हणून 'वाइड' म्हणजे रुंद माप आहे का, ते विचारायला लाजू नका. बूट 'चपखल' बसला की तो ठेवून द्या आणि एक नंबर मोठा मागा. चालताना टाच किंचित उचलली तर चालेल.

मोजे दोन: आत पातळ लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, वर जाड लोकरीचा. सुती नाही. लोकर थोडी ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही, हा तिचा मोठा गुण. घरून निघताना एक जोड घाला आणि तळ्यावर पोचल्यावर कोरडा जोड बदला. गाडीतल्या गरमीत पहिला जोड घामेजलेला असतो.

आणि मैत्रिणींनो, जोडवी! हा सल्ला तुम्हांला तिथल्या कुठल्याही दुकानात मिळणार नाही, म्हणून मी देते. चांदीइतका पटकन थंड-गरम होणारा दुसरा धातू नाही. शिवाय जाड मोज्यात जोडवी बोटाला करकचून दाबते आणि रक्त अडवते. मला पहिल्या दिवशी फाटकापर्यंत जाऊन येताना बोटं ठणकली ती यामुळेच. सवाष्णीने जोडवी काढावी कशी, हा विचार माझ्याही मनात आला. पण पांढरी पडलेली ती दोन बोटं पाहिल्यावर मी जोडवी काढली, रुमालात बांधून पर्समध्ये ठेवली आणि परत आल्यावर घातली. ज्यांच्या नावाची, त्यांनाही ते पटलं.

मधुमेह असेल तर

घरात कुणाला मधुमेह असेल, पायांना मुंग्या येत असतील, जाणीव कमी असेल, तर 'गार लागलं तर सांगीन' यावर कधीच विसंबू नका. जाण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा. गेलातच तर दर अर्ध्या तासाने उबेत येऊन मोजा काढून डोळ्यांनी बघा. पांढरं, पिवळट, मेणचट दिसलं की तळं पुरे. बुटात ठेवायच्या उबेच्या पुड्या मिळतात. त्यांत लोखंडाची पूड असते, ती हवेतल्या प्राणवायूने तापते. बधिर पायाला त्या भाजू शकतात, म्हणून मधुमेह्याने त्या वापरू नयेत. आणि एकदा ऊब दिलेला पाय पुन्हा थंडीत नेऊ नये. दुसऱ्यांदा गोठला तर नुकसान फार मोठं होतं.

घरी आल्यावर

बुटांची निगा आपल्याला शिकवायला नको. पावसाळ्याने शिकवलीच आहे. अस्तर बाहेर काढा, बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरा, दोन-तीन तासांनी बदला. हीटरला टेकवून ठेवू नका. रबर तडकतं, चिकटवण सुटते. पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून टाचांना आमसुलाचं तेल लावा. तिथल्या कोरड्या हवेत आपल्यापेक्षा दुप्पट भेगा पडतात.

तळ्याविषयी एकच सांगते: बर्फ किती जाड आहे हे जाणत्याने मोजल्याशिवाय पाऊल टाकू नका. मिनेसोटाचं सरकारी खातं पायी चालायला निदान चार इंच स्वच्छ, नवा बर्फ हवा असं सांगतं; पांढुरका बर्फ त्याहून कच्चा. आणि निसरड्यासाठी बुटावर चढवायचे दातेरी पट्टे मिळतात ते जरूर घ्या. आपल्या वयात बोटाआधी खुबा सांभाळायचा असतो.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला जावईबापूंनी पुन्हा तळ्यावर जायचं काढलं. ह्यांना डॉक्टरांची बंदी. मग माझ्या नावाचा परवाना काढला आणि मी गेले! एक नंबर मोठे बूट, लोकरीचे मोजे, पायांखाली फळी, आणि पाचही बोटं आत हलतायत. फोनवरून ह्यांच्या सूचना चालूच: "अगं, दोर सैल सोड! अगं, घाई करू नकोस!" शेवटी वीतभर पर्च लागली, पिवळ्या अंगावर काळपट पट्टे असलेली. घरी आणून हळद, तिखट, आगळ लावून रव्यात तळली. ह्यांनी खाल्ली आणि म्हणाले, "बरी आहे. पण आपल्या सौंदाळ्याची सर नाही."

मी काही बोलले नाही. वाकून त्यांच्या पायांकडे पाहिलं. अंगठ्यावर नवं नख येऊ लागलं होतं, अगदी बाळाच्या नखासारखं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• बूट एक नंबर मोठा. बोटं हलली पाहिजेत.
• अस्तर सुटं निघणारं, तळ जाड आणि रबरी.
• मोजे लोकरीचे, सुती नकोत. कोरडा जोड जवळ हवा.
• जोडवी काढून ठेवा.
• पायांखाली फळी किंवा चटई.
• मधुमेह्याचे पाय दर अर्ध्या तासाने डोळ्यांनी पाहा.
• पांढऱ्या पडलेल्या बोटाला चोळणं नाही, शेकणं नाही. कोमट पाणी आणि डॉक्टर.